आठशे मीटर आणि एक फाटक

(पुण्यातील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेवर ‘हरित इमारती व सामान्य माणूस’ असा भारदस्त विषय छापला आहे. हरित इमारतींविषयी बोलणे सोपे आहे. सामान्य माणूस त्यांत कोठून शिरतो हे शोधणे मात्र अवघड. मी तो शोध एका लहानशा कलमाच्या आधारे घेणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते कलम वाचलेले नसेल. परंतु या साऱ्या व्यवहारात सामान्य माणसाला शिरता येईल असे ते जवळजवळ एकच दार आहे. ते उघडे ठेवायचे की नुसते चित्रात दाखवायचे, हा माझ्या मते खरा वाद आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. एखादी इमारत वीज कमी वापरते, पाणी पुन्हा वापरते, बांधताना निसर्गाची नासाडी कमी करते, असे तिऱ्हाइताने तपासून दिलेले प्रशस्तिपत्र म्हणजे हरित प्रमाणपत्र. अमेरिकेतील ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही संस्था १९९३ साली निघाली. तिची ‘लीड’ नावाची मानांकन पद्धती २००० च्या सुमारास प्रचारात आली. आपल्याकडे भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन केली. महासंघाच्या हैदराबाद येथील केंद्राच्या इमारतीला २००३ साली प्लॅटिनम मानांकन मिळाले; अमेरिकेबाहेर ते पहिलेच. पुढे ‘टेरी’ या संस्थेने ‘गृह’ नावाची देशी पद्धती तयार केली आणि २००७ साली केंद्र सरकारने तिला राष्ट्रीय पद्धती म्हणून मान्यता दिली. रुपे, सोने, प्लॅटिनम अशा या पदव्या आता घरांच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत छापल्या जातात. पर्यावरणाचे मोजमाप करण्यासाठी मौल्यवान धातूच का निवडावे लागले, याचा विचार आपण फावल्या वेळी करावा.

या पद्धतींचा आरंभीचा सारा भर इमारतीच्या भिंतींच्या आत होता. काच कोणती, दिवे कोणते, छपरावर काय, एवढेच पाहिले जाई. त्यातला दोष लवकरच दिसून आला. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागराच्या रक्षणासाठी झटणारी एक नामांकित संस्था आहे. तिने २००० च्या सुमारास आपले नवे मुख्यालय बांधले आणि लीडचे पहिले प्लॅटिनम मानांकन त्याच इमारतीला मिळाले. इमारत खरोखरच आदर्श होती. पण तेथील कर्मचारी पूर्वी अ‍ॅनापोलिस शहराच्या मध्यभागी काम करीत आणि जेवायला, टपालाला, बँकेत चालत जात. नवे मुख्यालय गावाबाहेर, पाण्याकाठी. तेथे जायचे तर मोटार काढायला हवी. पर्यावरणाच्या मंदिरात प्रवेश करण्यासाठी पेट्रोल जाळावे लागावे, हा विरोधाभास टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही. २००७ साली एन्व्हायर्नमेंटल बिल्डिंग न्यूज या नियतकालिकाने हिशेबच मांडला. अमेरिकेतील सरासरी कार्यालयीन इमारत चालवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यापेक्षा तीस टक्के अधिक ऊर्जा तेथील नोकरांच्या ये-जा करण्यात खर्च होते. म्हणजे इमारत कशी आहे, यापेक्षा ती कोठे आहे हा प्रश्न मोठा ठरला.

या टीकेतून ‘चालत जाण्याजोगी वस्ती’ ही कल्पना मानांकनात रुजली. कल्पना नवी नव्हती. १९२९ साली क्लॅरन्स पेरी या नियोजकाने न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी ‘शेजार’ नावाचे एकक सुचविले होते. मध्यभागी शाळा, तिच्याभोवती पाव मैलाच्या आत घरे, आणि मुलाने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावे, एवढा साधा विचार त्यामागे होता. लीडने पाव मैलाचा अर्धा मैल केला. आपल्या मापात ते साधारण आठशे मीटर, म्हणजे नेहमीच्या चालीने दहा मिनिटे.

लीडच्या २००९ सालच्या आवृत्तीतील कलम मी थोडक्यात सांगतो. इमारतीपासून अर्ध्या मैलात दाट निवासी वस्ती हवी, दहा मूलभूत सेवा हव्यात आणि इमारतीपासून त्या सेवांपर्यंत पायी जाता आले पाहिजे. वाटेत भिंत, महामार्ग किंवा तत्सम अडथळा असता कामा नये. सेवांची यादीही दिली आहे. बँक, प्रार्थनास्थळ, किराणा दुकान, पाळणाघर, धुलाईचे दुकान, दवाखाना, औषधांचे दुकान, टपाल कचेरी, शाळा, वाचनालय, बाग, उपाहारगृह, नाट्यगृह, केशभूषेचे दुकान, व्यायामशाळा वगैरे. उपाहारगृहे दोनपर्यंत धरता येतात. बाकी प्रत्येक सेवा एकदाच. यादी वाईट नाही. वाचनालयाला मूलभूत सेवा मानणारा कागद मला तरी मनापासून आवडतो. पण ही यादी कोणाच्या दिनक्रमावरून केली आहे, हेही तिच्यातच वाचता येते. तीत रेशनचे दुकान नाही, सार्वजनिक शौचालय नाही, पाण्याचा नळ नाही. अमेरिकन यादीत ती असण्याचे कारणही नाही. आपण ती कल्पना आपल्याकडे आणताना मात्र यादीही आपली करायला हवी होती.

आता या कलमाचे वजन पाहा. २००९ च्या आवृत्तीत एकंदर ११० गुण होते आणि प्लॅटिनमला ८० पुरत. या कलमाला गुण होते ५. पुढच्या आवृत्तीत अंतर वर्तुळ काढून न मोजता प्रत्यक्ष पायवाटेने मोजायचे ठरले, ही निःसंशय सुधारणा. पण चार ते सात सेवा जवळ असल्या तर एक गुण, आठ किंवा अधिक असल्या तर दोन, असा हिशेब राहिला. हे गुण सोडून दिले तरी प्लॅटिनम मिळू शकते. काही गोष्टी या पद्धतीत अनिवार्य आहेत. त्या केल्या नाहीत तर अर्जच बाद होतो. चालत पोचता येणे ही गोष्ट त्यांत नाही. ती ऐच्छिक विषयासारखी आहे. शाळेत चित्रकलेचे जे होते, तेच तिचे होते.

पण याच लीडने सबंध वस्तीच्या मानांकनाची वेगळी पद्धती तयार केली, आणि तेथे चित्र पालटते. नवनागरी नियोजकांची काँग्रेस फॉर द न्यू अर्बनिझम आणि एनआरडीसी ही पर्यावरणवादी संस्था यांच्या सहकार्याने ती सिद्ध झाली. तीत चालण्याजोगे रस्ते ही पूर्वअट आहे. नव्वद टक्के रस्त्यांना दोन्ही बाजूंनी सलग पदपथ हवा. इमारतींची दारे रस्त्याकडे उघडली पाहिजेत. गॅरेजच्या दरवाजांनी रस्त्याची दर्शनी बाजू वीस टक्क्यांपेक्षा अधिक व्यापता कामा नये. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ही, की वस्ती ‘जोडलेली आणि खुली’ हवी. एका चौरस मैलात किमान किती चौक हवेत हे तेथे मोजतात, आणि फाटकाच्या आतले चौक मोजणीत धरीत नाहीत. शाळा, रुग्णालये यांचे परिसर आणि लष्करी तळ एवढे अपवाद सोडले, तर फाटक लावलेली वस्ती सार्वजनिक नव्हे, असे या नियमाचे स्वच्छ म्हणणे आहे.

मित्रहो, हे वाक्य आपल्या एखाद्या पक्षाच्या जाहीरनाम्यात असते, तर ‘विकासविरोधी’ म्हणून त्याची टर उडविली गेली असती. ते भांडवलशाहीच्या माहेरघरी, बांधकाम व्यावसायिक ज्या परिषदेचे सभासद आहेत तिच्या नियमपुस्तकात छापलेले आहे. फाटकाच्या आत कितीही झाडे लावा, किती का सौर तबकड्या बसवा; बाहेरच्या माणसाला तुमच्या वस्तीतून चालत जाता येत नसेल तर तुमची वस्ती नगराचा भाग नाही, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे या कलमाचे काय झाले आहे, हे मी स्वतः चालून पाहिले. शहराच्या पश्चिमेला, जेथे पंचवीस वर्षांपूर्वी भातखाचरे होती, तेथे एक प्रमाणित वसाहत आहे. तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तशा अनेक आहेत. प्रवेशद्वाराशी प्रमाणपत्राची पाटी आहे. नकाशावर वर्तुळ काढले तर शाळा, दवाखाना, बँक, औषधांचे दुकान, बसथांबा, सारे आठशे मीटरच्या आत येते. मी व माझा एक विद्यार्थी मोजमापाची फीत घेऊन मुख्य फाटकापासून निघालो. पदपथ फाटकाच्या दोन्ही अंगांना सुंदर आहे, वसाहतीची भिंत संपते तेथे तोही संपतो. पुढे रस्त्याची कड, तिच्यावर राडारोडा, मग विजेच्या रोहित्राचा कठडा. तेथून रस्त्यावर उतरावे लागते. इंडियन रोड काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची निर्वेध जागा हवी. वसाहतीच्या हद्दीबाहेर अशी जागा आम्हांला बसथांब्यापर्यंत एकदाही सापडली नाही. शाळा पलीकडे, मध्ये नाला. नाल्यावर पूल आहे, पण तो शेजारच्या वसाहतीच्या फाटकाआड आहे आणि तेथील रखवालदार परक्याला सोडीत नाही. त्याला हुकूमच तसा. वळसा घालून गेलो तर शाळा सव्वादोन किलोमीटरवर निघाली. नकाशावरचे वर्तुळ खोटे नव्हते. ते फक्त कावळ्यासाठी काढलेले होते.

त्या रस्त्यावर आम्हांला चालणारी माणसे पुष्कळ भेटली. मात्र त्यांत वसाहतीचे रहिवासी फार थोडे. धुणीभांडी करणाऱ्या बाया होत्या, रखवालदार होते, माळी होते, इस्त्रीवाले होते. त्यांतल्या एका बाईंना मी विचारले, की तुम्ही कोठून येता? त्या टेकडीमागच्या वस्तीतून येत. पूर्वी पाऊलवाटेने वीस मिनिटे लागत. आता तीन वसाहतींच्या भिंतींना वळसा घालून पाऊण तास लागतो. प्रमाणपत्र आतल्या माणसाला बाहेरच्या सेवा किती जवळ आहेत ते विचारते. आतल्या माणसाची सेवा करायला जो बाहेरून येतो, त्याला ही इमारत किती दूर पडते, हे कोणताही तक्ता विचारीत नाही.

कोणी म्हणेल, खाजगी संस्थेचे खाजगी प्रशस्तिपत्र आहे. तुम्हांला त्याचे काय पडले? एरवी मीही हा विषय सोडून दिला असता. पण हे प्रशस्तिपत्र आता खाजगी राहिलेले नाही. मुंबई महानगरपालिकेचे क्षेत्र व काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर लागू झालेल्या २०२० सालच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने हरित मानांकनाला ज्यादा चटईक्षेत्र देऊ केले. खालच्या श्रेणीला ३ टक्के, मधल्या श्रेणीला ५ टक्के, सर्वोच्च श्रेणीला ७ टक्के. एक हिशेब करू. दहा हजार चौरस मीटरचा भूखंड आणि मूळ निर्देशांक १.१ धरला, तर सात टक्के म्हणजे ७७० चौरस मीटर, अकरा-बारा मध्यम आकाराची घरे. ती आकाशातून पडत नाहीत. त्यांचे पाणी, त्यांचे सांडपाणी आणि त्यांच्या मोटारींची गर्दी शहर सोसते. चटईक्षेत्र ही समाजाच्या मालकीची वस्तू आहे. समाज ती बक्षीस देतो, तेव्हा बदल्यात काय मिळाले हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. आतल्या रहिवाशाचे विजेचे देयक कमी झाले, हे उत्तर मला अपुरे वाटते.

आणि चालणारे थोडे आहेत काय? २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याच्या साधनाची नोंद घेतली गेली. शेतीबाहेरच्या कामकऱ्यांत पायी जाणारे लोक सायकलस्वारांपेक्षा अधिक आढळले, दुचाकीवाल्यांपेक्षाही अधिक, आणि मोटारवाल्यांच्या तर कितीतरी पट. असे असून २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर जे १,६८,४९१ लोक मेले, त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आपल्या पुण्याच्या महापालिकेने तर २०१६ सालीच पादचारी धोरण मंजूर केले, आणि २०२१ पासून डिसेंबरात लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. वर्षातून एक दिवस रस्ता माणसाला परत देण्याचा हा सोहळा चांगलाच आहे. बैलांचाही पोळा वर्षातून एकदाच असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना मला स्वतःलाच द्यायची आहे. चालण्याजोग्या वस्तीची गोष्ट निघाली, की आपण पेठांच्या आठवणीत रमतो. शाळा, मंडई, देऊळ, वैद्य सारे हाकेच्या अंतरावर, आणि प्रमाणपत्राशिवाय! हे खरेच आहे. परंतु जुन्या गावात अंतर पावलांनी मोजले जात नव्हते, जातीने मोजले जात होते. महाडचे चवदार तळे दलितांच्या वस्तीपासून काही कोसांवर नव्हते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला होता, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदोपत्री प्रवेश पूर्ण होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन तेथवर चालत जावे लागले, आणि त्यानंतर लोकांनी मार खाल्ला. पाणवठा जवळ असणे आणि पाणवठ्यावर जाता येणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे महाराष्ट्राला परिषदांकडून शिकण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण गिरणगावचे. परळ-लालबागचा कामगार भोंगा झाला की चाळीतून निघून चालत खात्यात पोचत असे. वाण्याचे दुकान, खानावळ, वाचनालय, नाटकाचे थिएटर, इस्पितळ सारे त्याच परिघात. लीडच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या सेवा तेथे होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, १९९१ च्या नियमावलीने व तिच्या २००१ च्या दुरुस्तीने जमिनी मोकळ्या झाल्या, तेथे मनोरे उठले. आज कोणी त्या मनोऱ्यासाठी अर्ज केला, तर स्थानाचे सारे गुण त्याला सहज मिळतील, कारण ती वस्ती कामगारांनी पिढ्यानपिढ्या चालून चालण्याजोगी केलेली आहे. आणि गिरणी कामगारांना सोडतीत जी घरे मिळाली, त्यांतली मोठी संख्या पनवेलजवळच्या कोन गावची. ज्याने वस्ती घडविली तो परिघाबाहेर, आणि परिघाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर.

या व्यवहारावर आमच्यातल्या काही मित्रांचा आक्षेप असा, की ही सगळी श्रीमंतांची सोंगे आहेत, त्यांत सुधारणा कसली सुचवायची. चटईक्षेत्राचे बक्षीसच रद्द करा. माझाही कल काही काळ तिकडे होता. पण वीज व पाणी वाचविणारी इमारत ही वाईट गोष्ट नाही, आणि ज्या कलमात फाटकाविरुद्ध नियम लिहिता येतो ते कलम रागाच्या भरात फेकून देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दुसरा आक्षेप व्यावसायिकांचा. ते म्हणतात, आमच्या हद्दीबाहेरचा पदपथ महापालिकेचा; त्याचा दंड आम्हांला का? याला उत्तर असे, की दंड कोणी मागत नाही. सेवा जवळ आहेत म्हणून तुम्ही गुण घेता, ती जवळीक तुमच्या हद्दीबाहेरचीच असते. गुण घेताना बाहेरचा रस्ता तुमचा आणि खड्डा मोजताना महापालिकेचा, हे चालणार नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. पदपथ मोकळा करा म्हटले, की पहिला हातोडा फेरीवाल्यावर पडतो. वास्तविक या वसाहतींना आठशे मीटरच्या आत भाजी, फळे, इस्त्री, चहा यांची सेवा देतो तो हातगाडीवालाच. आणि यादीत त्याला गुण नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला हक्काची जागा देऊ केली, पण ती प्रत्यक्षात आखून देणारे नियोजन बहुतेक शहरांत रखडले. १९८५ सालच्या ऑल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला आणि त्याच निकालात पदपथ चालण्यासाठी आहेत असेही सांगितले. त्या दोन वाक्यांमधला पेच आपण अजून सोडविलेला नाही. पदपथ रुंद केला, तर दोघांनाही जागा होते, एवढे मी मोजून सांगू शकतो. तो रुंद करायचा तर मोटारीची जागा कमी करावी लागते, आणि तेथे सगळ्यांचे पर्यावरणप्रेम थबकते.

तेव्हा मागणी कोणती करावी? मी ती नगरविकास खात्याकडे द्यावयाच्या निवेदनाच्या मसुद्यात लिहिली आहे. ज्यादा चटईक्षेत्र हवे असेल, तर चालत पोचता येणे ही पूर्वअट असावी, गुण नव्हे. अंतर नकाशावर न मोजता पायी मोजावे, आणि ते बांधकाम संपल्यावर, माणसे राहायला आल्यावर, पावसाळ्यात मोजावे. सेवांच्या यादीत रेशनचे दुकान, अंगणवाडी, सार्वजनिक शौचालय आणि अधिकृत फेरीवाला क्षेत्र असावे. भूखंडातून पूर्वापार पाऊलवाट जात असेल, तर ती दिवसरात्र खुली ठेवल्याशिवाय एक चौरस मीटरही ज्यादा मिळू नये.

मसुदा दाराशी टेबलावर ठेवला आहे, सह्या कराव्यात. मात्र सहीपेक्षा मला मोजणारी माणसे अधिक हवी आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सहा प्रमाणित वसाहतींच्या फाटकांपासून निघणार आहोत. फिती, वह्या आणि छायाचित्रांची सोय आहे. बाबागाडी व चाकांची खुर्ची प्रत्येकी एक मिळाली आहे, आणखी मिळाल्यास हव्या आहेत. टेकडीमागच्या वस्तीतल्या त्या बाई आणि त्यांच्या दोन सोबतिणी आम्हांला जुनी पाऊलवाट कोठून जात होती ते दाखविणार आहेत. त्यांना नवाच्या आत कामावर पोचायचे असल्याने निघण्याची वेळ चुकवू नये.